आधी ऑफर की आधी आय-१४०?

एच-१बीचं (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, मुदत साधारण सहा वर्षं) चौथं-पाचवं वर्ष चालू आहे, कंपनीत पर्म (ग्रीन कार्डसाठी कंपनीने आधी घ्यायची कामगार खात्याची मंजुरी) सुरू झालंय किंवा ‘लवकरच सुरू करू’ असं ऐकवलं जातंय, आणि नेमकी आत्ताच चांगली ऑफर आलीय. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी निम्म्यांचा कधी ना कधी इथे खोळंबा होतो. खरे मार्ग दोनच. लगेच उडी मारायची, नाहीतर आय-१४० (पर्मनंतर कंपनीने भरायचा ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस उलटेपर्यंत कळ काढायची. आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरून १८० दिवस झाल्यावर तशाच कामाची दुसरी नोकरी धरता येते, हा तिसरा मार्ग कागदावर आहे. पण रांगेत आपली तारीख आल्याशिवाय तो भरता येत नाही, आणि ईबी-२ (उच्चशिक्षितांची रांग) मध्ये भारताची तारीख २०२५ सालीही २०१२-१३च्या आसपास रेंगाळत होती. आत्ता पर्म भरणाऱ्याने त्याच्या भरवशावर काही ठरवू नये.

मी थांबलो. तरी उडी मारणाऱ्यांची बाजू कच्ची नाही, हे आधी सांगतो.

पर्म भरलंच गेलं नसेल तर प्रायॉरिटी डेटच (रांगेतली आपली तारीख) नाही, म्हणजे गमावण्यासारखंही काही नाही. शिवाय सध्याच्या कंपनीत त्याच कामावर मिळवलेला अनुभव तीच कंपनी पर्ममध्ये सहसा धरू शकत नाही. नवी कंपनी मात्र तो बिनधास्त धरते. बीई होऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर इथे आलेल्या माणसाला यामुळे ईबी-३ (त्याखालची रांग) ऐवजी ईबी-२ला लागणारी पाच वर्षं दाखवता येतात. आणि कंपनीच डळमळीत असेल तर थांबण्यात काय अर्थ? त्याच भागात, त्याच प्रकारच्या कामावरची माणसं सहा महिन्यांत काढली असतील तर पर्मआधी त्यांना विचारावं लागतं, म्हणून बऱ्याच कंपन्या पर्मच गुंडाळून ठेवतात. नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस.

ट्रान्सफर (एच-१बी नव्या कंपनीकडे नेणं) स्वतः तशी सोपी आहे. अर्ज दाखल झाला की नव्या ठिकाणी कामाला लागता येतं. एच-१बीवरच्या सप्टेंबर २०२५च्या एक लाख डॉलर फीने सगळ्यांची झोप उडवली होती. पण देशात राहून, स्टेटस शाबूत असताना केलेल्या ट्रान्सफरला ती लागू नाही, असं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट झालं. फक्त ‘आधी पुण्याला जाऊन येतो, तोवर तुम्ही अर्ज टाका’ असला घोळ घालू नका.

आता थांबून काय मिळतं? जानेवारी २०१७च्या नियमानुसार आय-१४०ला १८० दिवस झाले की जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी त्याच्या आधारावर नव्या कंपनीतही तीन-तीन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळतं. बायकोचं एच-४ ईएडीही (तिचा काम करायचा परवाना) त्यावरच उभं असतं. १८० दिवसांच्या आत मागे घेतलं तर रांगेतला नंबरच जातो, असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही. फसवाफसवी किंवा मंजुरीतच मोठी चूक निघाली नाही, तर प्रायॉरिटी डेट तुमचीच राहते. जातं ते तीन वर्षांचं एक्स्टेन्शन. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझं पारडं तिथेच झुकलं.

सहा वर्षं संपली आणि आय-१४० हातात नाही, तर एक्स्टेन्शन एकेक वर्षाचं. तेही पर्म भरून ३६५ दिवस झाले असतील तरच. आमचं पर्म रखडलं होतं, त्यामुळे असं एक वर्ष आम्ही काढलंय. आमच्या राज्यात ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत स्टेटसच्या मुदतीला बांधलेली. एक्स्टेन्शनचा अर्ज वेळेत गेलेला, कायद्याने २४० दिवस काम करायची मुभा, पगार चालू, टॅक्स कापला जातोय, आणि खिडकीवरच्या बाई रिसीटचा कागद उलटसुलट करून म्हणतात, ‘ही मंजुरी नाही.’ कागद परत सरकवला, पुढचा नंबर पुकारला. त्यानंतर मंजुरी येईपर्यंत ऑफिसला मी दुसऱ्याच्या गाडीतून, मुलाला क्लासला सोडणं शेजाऱ्यांच्या मेहेरबानीवर. मंजुरी आली, नवं लायसन्स आलं, आणि त्यावरची तारीख पाहिली तर पुढच्या वर्षीचा अर्ज टाकायची वेळ जवळ आलेलीच. व्हिसाचा शिक्काही तेवढ्याच मुदतीचा, त्यामुळे भारतात जायचं म्हटलं की आधी स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट शोधा. कुणी म्हणेल, लायसन्ससाठी कुणी पगारवाढ सोडतं का? ज्या गावात बस नाही तिथे राहून बघा.

म्हणून पहिली ऑफर मी जाऊ दिली. त्या कंपनीचं म्हणणं होतं, वर्षभर काम बघून मग पर्मचं ठरवू. त्यात प्रिव्हेलिंग वेजचे (सरकारकडून पगाराचा दर ठरवून घेण्याचे) महिने, जाहिरातींचे महिने, पुढे पर्म मंजूर व्हायला लागणारा काळ धरला तर आणखी अशीच दोन-तीन वर्षं समोर दिसत होती. त्यापेक्षा आय-१४० प्रीमियममध्ये टाकायला लावलं (त्याचा निकाल कामाच्या १५ दिवसांत लागतो), १८० दिवस मोजले, आणि मग थोड्या कमी पैशांची दुसरी ऑफर घेतली.

थांबण्याचा त्रास आहेच. पर्ममध्ये जे काम लिहिलंय त्यालाच चिकटून राहायचं. प्रमोशनचा विषय काढला की मॅनेजर ‘आधी तुझं ग्रीन कार्डचं होऊ दे’ म्हणतो, आणि आपल्यालाही ते पटतं, याचाच जास्त राग येतो. दुसऱ्या शहरात बदली म्हणजे बहुतेक वेळा पर्म पहिल्यापासून. एकट्याने राहणाऱ्याला, बायकोचं ईएडी वगैरे नसणाऱ्याला हे सगळं सोसण्याएवढं मोलाचं वाटेलच असं नाही.

पहिल्या तीन वर्षांत असाल तर माझ्या मते खुशाल निघा. चौथ्या वर्षाच्या पुढे असाल तर आधी सहावं वर्ष नक्की कधी संपतं ते काढा. भारतात घालवलेले दिवस त्यात परत मिळवता येतात, तेव्हा जुन्या पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा. मग नव्या कंपनीकडून पर्म कधी सुरू करणार ते लेखी मागा. रुजू झाल्या महिन्यात सुरू करतो, असं कुणी लिहून दिलं असतं तर मीही कदाचित उडी मारली असती.

निघाल तेव्हा आय-१४०च्या मंजुरीची प्रत मागा. ती कंपनीची मालमत्ता म्हणून नाकारली तर निदान रिसीट नंबर आणि प्रायॉरिटी डेट तरी घ्या. कारण नव्या कंपनीत पर्म आणि आय-१४० दोन्ही नव्याने होतात, सोबत येते ती फक्त तारीख. आणि अनुभवाचं पत्र, त्यात कामाचं सविस्तर वर्णन असलेलं, मॅनेजर अजून गोड बोलतोय तोवरच सही करून घ्या. एचआर नंतर पाठवतं ते दोन ओळींचं, नुसत्या तारखा आणि पदाचं नाव. नव्या वकिलाला ते पुरत नाही.