बॅटमॅनचं जुनं कार्टून: डीव्हीडी घ्यायची की ब्लू-रे?

नेरुळचा एक मित्र गेले दोन आठवडे डोकं खातोय. त्याला बॅटमॅन द अ‍ॅनिमेटेड सिरीजच्या डीव्हीडीचे चारही बॉक्स सेकंडहँड मिळतायत, बऱ्यापैकी स्वस्तात, आणि ब्लू-रेचा सेट बाहेरून मागवायचा तर कस्टम धरून खिशाला चांगलीच कात्री लागणार. माझ्याकडे दोन्ही आहेत (घरच्यांच्या मते हा वेडेपणाच), म्हणून एकदाचं थेट त्यालाच लिहून टाकतो.

आधी एक गैरसमज. ब्लू-रेत एपिसोड जास्त आहेत असं तुला वाटत होतं. नाहीत. डीव्हीडीचे व्हॉल्यूम 2004-05 मध्ये आले, 28, 28, 29 आणि चौथ्यात ते नंतरचे नव्या डिझाइनवाले 24, म्हणजे 109. ब्लू-रे 2018 चा, त्यातही तेच 109. डिलक्स बॉक्समध्ये वर मास्क ऑफ द फँटॅझम आणि सबझीरो या दोन फिल्म, शिवाय तीन छोटे फनको पॉप, म्हणजे मोठ्या डोक्याची खेळणी. या बॉक्सच्या आधी 30,000 प्रतीच काढणार होते, मागणी बघून 70,000 केल्या.

खरा फरक काळ्या रंगाचा आहे. या सिरीजचे बॅकग्राउंड पांढऱ्या नाही तर काळ्या कागदावर रंगवलेत, म्हणजे अंधार आधीच आहे आणि आर्टिस्टने त्यात फक्त उजेड भरलाय. आता परवा दुपारी नौपाड्यातल्या घरी पडदे ओढून हार्ट ऑफ आइस हा एपिसोड आधी डीव्हीडीवर लावला, मग लगेच ब्लू-रेवर. सुरुवातीला तो काचेचा गोळा येतो बघ, आत नाचणारी बाहुली आणि बर्फ, तिथे डीव्हीडीवर मागचा काळोख करडा पडतो, चौकोन चौकोन दिसतात, आणि मधूनच पांढरे ठिपके, ते बर्फाचे की फिल्मवरच्या कचऱ्याचे कळायला मार्ग नाही. ब्लू-रेवर काळं ते काळंच, आणि बर्फ तेवढा बर्फ. मी हा एपिसोड किती वेळा पाहिलाय त्याचा हिशोब नाही, पण त्यातला खलनायक फ्रीझच्या चष्म्याच्या लाल काचा अशा उठून दिसलेल्या पहिल्यांदा पाहिल्या. साफसफाई करताना फिल्मचा दाणा (चित्रावरचे बारीक कण) मात्र माझ्या डोळ्याला जरा जास्तच पुसलाय, काही सीन अगदी गुळगुळीत वाटतात.

आणि ब्लू-रे चुगलखोर पण आहे. अ‍ॅनिमेशन वेगवेगळ्या स्टुडिओंकडून करून घ्यायचे. फीट ऑफ क्ले या दोन भागांच्या एपिसोडचा पहिला भाग कोरियाच्या एकॉमने केला, दुसरा जपानच्या टीएमएसने, लागोपाठ बघ, जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात चेहरे बदलणारा खलनायक क्लेफेस एकातून दुसरा चेहरा काढत जातो ते एचडीत बघताना तोंडात बोट जातं, आणि पहिल्यातले वेडेवाकडे चेहरे डीव्हीडीच्या धुरकटपणात जे खपून जायचे ते आता लपत नाहीत.

दोन्हीकडे चित्र 4:3 च आहे, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चौकोनी, बाजूला काळ्या पट्ट्या येणारच. आई म्हणाली टीव्ही बिघडला का रे. रिमोटने चित्र ताणू नकोस फक्त, सगळे बुटके दिसतात.

आवाजात मला फारसा फरक वाटला नाही. संगीतकार शर्ली वॉकर आणि तिच्या टीमने एपिसोडगणिक खऱ्या ऑर्केस्ट्रावर संगीत केलंय, ते डीव्हीडीवरही छानच वाजतं, आणि बॅटमॅनला आवाज देणाऱ्या केव्हिन कॉनरॉयचा आवाज तर मोबाईलवर लावला तरी काटा येतो. 2022 मध्ये गेला बिचारा.

आता व्यवहाराचं. अमेरिकेची डीव्हीडी रीजन 1 ची (रीजन म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड) असते, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे, त्यामुळे पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून एक डिस्क आण आणि स्वतःच्या प्लेअरवर लावून बघ. ब्लू-रेचाही रीजन बॉक्सच्या मागे वाचून घे. ब्लू-रे प्लेअर नसला तरी तुझा पीएस फोर (गेमचं मशीन) चालेल. सेकंडहँड डिस्क असेल तर उजेडात तिरकी धरून बघ, खाडीजवळच्या दमट हवेत ठेवलेल्या माझ्या दोन डिस्कवर पावसाळ्यात डाग पडले, त्या आता मध्येच अडकतात. आणि बाहेरून मागवलास तर पॅकिंग नीट करायला सांग, माझा बॉक्स कुरिअरने कोपरा चेपून आणला आणि तक्रारीला उत्तर काय, तर आतला माल ठीक आहे ना.

माझं मत विचारशील तर चार बॉक्स घेऊ नकोस. तुझा टीव्ही 55 इंची आहे, त्यावर डीव्हीडी म्हणजे पैसे देऊन चिडचिड. थांब दोन महिने, पैसे साठव, ब्लू-रेच घे. खेळण्यांशिवायचा साधा सेटही आलाय, फक्त त्यात दोन्ही फिल्म आहेत का ते आधी बघून घे. अगदीच धीर नसेल तर विकणारा सुटा देतोय का विचार आणि पहिला व्हॉल्यूम तेवढा उचल, हार्ट ऑफ आइस, टू-फेस, हार्ली क्विन पहिल्यांदा येते तो जोकर्स फेवर, सगळं त्यातच आहे.

डिलक्स मिळाला तर मात्र त्यातला छोटा जोकर माझा. माझ्यातला भाच्याने पळवलाय आणि आता तो नाही म्हणतो.