बार्बरशॉप की मिल्स ब्रदर्स?

चार आवाजांची जुनी अमेरिकी गायकी शिकायची म्हटलं की दोन वाटा समोर येतात: बार्बरशॉप ही शैली आणि मिल्स ब्रदर्स या भावांच्या चौकडीची धाटणी.

बार्बरशॉपला साथीचं वाद्य नसतं. चाल 'लीड' गातो, टेनर त्याच्या वर, बेस तळाशी आणि उरलेला स्वर बॅरिटोनचा. बॅरिटोनची ओळ एकटी ऐकली तर वेडीवाकडी वाटते, पण तिच्याशिवाय कॉर्ड, म्हणजे एकत्र गायलेल्या स्वरांचा मेळ, पुरी होत नाही. आवाजात कंप जवळजवळ नको. चौघांचा 'आ' एकाच घडणीचा झाला आणि गांधार नैसर्गिक जागी बसला, की वर कुणीच न गायलेला स्वर झणझणू लागतो. तानपुऱ्यातला स्वयंभू गांधार ओळखणाऱ्या कानाला ही जागा लवकर सापडते. नेहमीच्या हार्मोनियमवर ती मिळत नाही.

ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स १९३०च्या दशकात गाजले. हलका आवाज, स्विंगची डुलती लय, सोबतीला गिटार आणि तोंडाने काढलेले ट्रंपेट-ट्यूबा! १९३६ साली बेस गाणारा भाऊ जॉन वारला, तेव्हा त्याच्या जागी वडील उभे राहिले. इथे गिटार सूर धरून ठेवते, त्यामुळे नवख्यांना आधार मिळतो. अवघड असतं ते हळू गाताना श्वास टिकवणं.

मऊपणा हवा असेल तर माझा कौल मिल्स ब्रदर्सना. रियाज मात्र बार्बरशॉपचा करा: बेस आणि लीडने आधी षड्ज-पंचम जुळवायचा, मग बाकीच्या दोघांनी त्यात शिरायचं. आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर आपला कमी करायचा.