पिग ऑइल आणि गंधक: मॉलीच्या पायांवर सात महिने वापरल्यानंतर

जिप्सी कॉब, शायर, क्लाइड्सडेल, फ्रिजियन अशा घोड्यांच्या जातींपैकी पायाला भरपूर केस असलेलं जनावर ज्यांनी पाळलंय आणि इकडच्या चिखलात हिवाळा काढायचाय, त्यांच्यासाठी लिहितेय. मी इंग्लंडमध्ये, वेस्ट यॉर्कशायरला असते. माझी मॉली ११ वर्षांची अबलख जिप्सी कॉब, गेल्या जुलैत घेतली, म्हणजे तिच्यासोबतचा हा माझा पहिलाच हिवाळा. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेला गेले होते, तिथे ईडन नदीत घोडे उतरवून साबण लावून धुतात, ते ओले पांढरे केस पायांवरून निथळताना बघितले आणि त्याच दिवशी ठरवलं की घेईन तर असंच जनावर घेईन. गुडघ्यापासून खुरापर्यंत झालर, इकडे त्याला फेदर म्हणतात. दिसायला फारच देखणं, पण त्याच्या आत काय चाललंय हे वरून अजिबात कळत नाही. माझं चुकलं ते तिथेच.

पिग ऑइल म्हणजे काय ते आधी. नाव ऐकून सासूबाईंनी काळजीने विचारलं होतं म्हणून मुद्दाम सांगते, हल्ली मिळतं ते डुकराच्या चरबीचं नसतं, पांढरं मिनरल ऑइल असतं. प्रदर्शनातल्या डुकरांना चमक यावी म्हणून लावायचे, त्यावरून नाव पडलं. त्यात गंधकाची पिवळी पावडर घालून पायाच्या केसांना लावायचं, म्हणजे चिखल आणि पाणी कातडीपर्यंत जात नाही, केसांचा गुंता होत नाही. पाच लिटरचा कॅन मला पंचवीस पौंडांच्या आसपास पडला, गंधक वेगळं. मी लिटरला १०० ग्रॅम घालते. पावडर तळाशी बसते, त्यामुळे दर वेळी बाटली गरम पाण्यात ठेवून जोरात हलवायची, स्प्रेच्या बाटलीचं तोंड हमखास तुंबतं म्हणून मी आता सॉस पिळायची बाटली वापरते, ती बेस्ट.

पहिल्यांदा लावताना एका पायावर रुपयाएवढ्या जागेत लावून एक दिवस थांबायचं. काही घोड्यांना गंधक सोसत नाही, पाय सुजतात. मॉलीला काही झालं नाही. हातमोजे घालाच. आणि चांदी काढून ठेवा! माझी आईने दिलेली चांदीची अंगठी आणि पायातली जोडवी पहिल्या आठवड्यातच काळीकुट्ट पडली, जोडव्यांपर्यंत गंधक कसं पोचलं ते मोजे काढल्यावर कळलं, मोजे पिवळे झाले होते. घासून अंगठी परत उजळली, पण आता यार्डला, म्हणजे मॉलीला ठेवलंय त्या तबेल्यावर, जाताना दोन्ही घरी ठेवते.

ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर इतका छान गेला की मी सगळ्यांना सांगत सुटले. चिखलातून आली की तासाभराने चिखल वाळतो, बोटांनी चोळला की पापुद्र्यासारखा सुटून पडतो, आणि खाली केस पांढरे. आधी मी रोज होजपाइपने पाय धुवायचे, ते बंद झालं. रोज धुणं हे मड फीव्हरला, म्हणजे पायाच्या कातडीवर खपल्या धरणाऱ्या संसर्गाला, आमंत्रणच आहे. ज्या बॅक्टेरियामुळे तो होतो त्याला ओली, मऊ पडलेली कातडी लागते, आणि एवढ्या दाट केसांत पाणी शिरलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. धुवायचंच असेल तर नंतर नीट वाळवा. शायर घोडे प्रदर्शनाला नेणारे लोक त्यासाठी लाकडाचा बारीक पांढरा भुसा केसांत चोळतात, तो पाणी ओढून घेतो आणि मग झटकून टाकायचा. मी करून बघितलं, टॉवेलपेक्षा कितीतरी चांगलं.

मग नोव्हेंबरच्या शेवटी दहाबारा दिवस सलग पाऊस. माझ्या शिफ्ट बदलल्या, अंधारात यायचं, अंधारात जायचं, आणि मी घाईत ओल्या पायांवरच तेल लावलं. दोनदा. तेलाच्या खाली पाणी कोंडलं गेलं. पण खरी गोष्ट त्याच्याही आधीपासून चालू होती. मॉली रात्री पाय आपटायची. यार्डच्या मालकीणबाई म्हणाल्या की शेजारचा घोडा हलवल्यामुळे चिडली असेल, मलाही ते पटलं. नंतर ती मागचा एक पाय दुसऱ्यावर घासायला लागली, कुंपणाच्या खांबाला घोटा घासायला लागली, आणि मी काय केलं, तर अजून तेल लावलं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दिवसा उजेडी खाली बसले, हेडटॉर्च लावला आणि घोट्याच्या मागचे केस बोटांनी दुभागून कातडीपर्यंत गेले. खुराच्या वर मागच्या बाजूला जो खळगा असतो तिथे राखाडी खवले, त्यांच्या कडांना तेलात भिजलेला पिवळा चिकट थर, आणि एक खपली नुसत्या बोटाने उचलली गेली तर खाली लालभडक ओलं. तिने पाय ओढून घेतला नाही, माझ्या खांद्यावर थुतरी टेकून उभी राहिली. मला रडूच आलं. वरून पाय जाहिरातीतल्यासारखे दिसत होते.

व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, खपल्या खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितल्या, माईट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, निघाले. कोरिऑप्टिस नावाचे, फेदरवाल्या घोड्यांमध्ये अगदी कॉमन. ते कातडीच्या वरवर राहतात त्यामुळे नेहमीची जंताची पेस्ट तोंडाने दिली तरी त्यांचा पूर्ण बंदोबस्त होत नाही. आम्हाला दोन इंजेक्शनं दिली, १४ दिवसांच्या अंतराने. औषध मुळात गाईमेंढ्यांचं आहे, घोड्यांसाठी परवाना असलेलं नाही, त्यामुळे व्हेट समजावून सांगून संमती घेतात, आणि ते घरच्या घरी आणून टोचायचा विचारही करू नका. गोठ्यातला पेंढा सगळा काढून फेकला, ब्रश उकळत्या पाण्यातून काढले, कारण हे किडे घोड्याच्या अंगाबाहेरही काही आठवडे जगतात. आणि चारही पायांचे केस मशीनने काढावे लागले. एक मोठी पिशवी भरली केसांची. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं. माझ्या आजोबांचा मिरजेला टांगा होता, बाबा लहानपणी पागेत झोपलेले आहेत. ते म्हणाले, "अगं केस येतील परत. तुझे आजोबा खरारा करून झाला की चारही पायांवरून उघडा हात फिरवायचे, ब्रश ठेवून. गरम कुठे लागतंय ते हाताला कळतं." आता मी रोज तेच करते, हातमोजा काढून, आठवड्यातून दोनदा टॉर्च घेऊन कातडीपर्यंत. पाय कायम सुजलेला, कातडीच्या घड्या पडलेल्या आणि गाठी हाताला लागल्या तर मात्र थांबू नका, या जातींमध्ये लिम्फचा, म्हणजे अंगातल्या पातळ द्रवाचा निचरा बिघडण्याचा, एक आजार असतो जो वाढतच जातो, तो लवकर कळलेला बरा.

जानेवारीच्या मध्याला कातडी पूर्ण भरली, मग परत तेल सुरू केलं. दर दहा दिवसांनी, फक्त कोरड्या, स्वच्छ, जखम नसलेल्या पायांवर. तेव्हापासून एकही खपली नाही. त्यामुळे माझं मत असं की चिखल आणि गुंत्यासाठी हे तेल उत्तम आहे, पण माईट्स गंधकाने जातात असं जे सगळे सांगतात ते माझ्या घोडीच्या बाबतीत तरी खरं ठरलं नाही, उलट तेलाच्या चकाकीमुळे मला आतलं उशिरा दिसलं.

अंगावरच्या केसांबद्दल थोडं, कारण पायाचं तेल पाठीला लावू का असं दोघींनी विचारलंय. नका लावू. हिवाळ्याचे केस थंडीपेक्षा दिवसाच्या लांबीवर येतात, दिवस लहान व्हायला लागला की अंग आतून तयारी करतं, आणि डिसेंबरात इथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो तेव्हा मॉली अस्वलासारखी दिसत होती. ते केस उभे राहून मधे हवा धरतात, तीच तिची गोधडी. तेल लावून किंवा पातळ ब्लँकेट घालून केस चपटे केले तर ऊब जाते. पावसात वरून ओलीचिंब दिसली तरी बोटं घालून बघा, मुळाशी कोरडी आणि गरम असते. शाम्पूने अंगाचं नैसर्गिक तेल निघून जातं, म्हणून नोव्हेंबर ते मार्च मी फक्त वाळलेला चिखल झटकते आणि आयाळ सैल वेणीत बांधते. थंडीत ब्लँकेटपेक्षा वाळलेलं गवत जास्त टाका, ते पचताना पोटात उष्णता तयार होते. फक्त एक लक्षात ठेवा, या केसांखाली घोडी बारीक झालेली दिसत नाही. दर रविवारी बरगड्यांवर बोटं दाबून बघायची. आणि वसंतात बाकीच्यांचे केस गळले तरी एखाद्या वयस्कर घोड्याचे लांबच राहिले, तर कुशिंग या हार्मोनच्या आजाराची रक्ततपासणी करून घ्या.

आता एप्रिल संपत आलाय. अंगाचे केस मुठीमुठीने निघतायत, कुंपणावर टाकले की पक्षी घरट्यासाठी उचलून नेतात. पायाचे केस चार बोटं आलेत, पुढच्या पायांचे जरा जास्त. पूर्वीसारखी झालर व्हायला अजून बराच वेळ आहे. कॅनमध्ये निम्मं तेल शिल्लक आहे, उन्हाळ्यात मात्र लावणार नाही, तेल लावलेली गुलाबी कातडी उन्हात भाजते. परवा नालबंद येणार आहे, तेलकट पाय हातातून निसटतात म्हणून त्याने आधीच बजावलंय, त्यामुळे या आठवड्यात लावलेलं नाही. तो गेला की रविवारी, पाऊस नसेल तर, या मोसमाचं शेवटचं.