पेठेत राहायचं की कॅम्पात?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा नागपूरहून बदलून पुण्यात आलाय. नवराबायको दोघंही नोकरी करतात, घरात तिसरं कुणी नाही, गाडी म्हणजे एक ॲक्टिव्हा. बाणेर-वाकडच्या टॉवरांना दोघांचाही नकार. "मामा, चपला घातल्या की गाव सुरू झालं पाहिजे," एवढीच त्याची अट. एजंटानं दोन घरं दाखवली. एक सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराच्या जवळ. दुसरं कॅम्पात, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या छावणीच्या भागात, सेंटर स्ट्रीटला. भाड्यात फारसा फरक नाही. मी पेठेत नऊ वर्षं काढली आणि कॅम्पात पाच, म्हणून त्यानं मला विचारलं. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं सलग लिहितो.

आधीच सांगून टाकतो : पेठ सकाळची आहे आणि कॅम्प संध्याकाळचा. तुमचा मोकळा वेळ दिवसाच्या कुठल्या टोकाला असतो ते बघा. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

बाजारापासून सुरुवात करू. दोन्हीकडे इंग्रजांच्या काळातली दगडी मंडई आहे. पेठेतली महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये उघडली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नराच्या नावानं रे मार्केट होती. कॅम्पातलं शिवाजी मार्केट त्याच सुमाराचं, तेव्हाचं कॅनॉट मार्केट. दोन्हींचा थाट सारखा, पण पिशवीत पडणारा माल वेगळा. फुले मंडईत अळूची पानं, आंबेहळद, श्रावणात पत्री, संक्रांतीला सुगडं, मार्गशीर्षातल्या गुरुवारसाठी पाच फळं, असं तिथीवार मिळतं. गाळ्यांवरच्या मावशी भाजीबरोबर ती कशी करायची हेही सांगतात, न विचारता. आणि सकाळी लवकर गेलात तरच मजा. अकरानंतर मंडईच्या बाहेरच्या रस्त्यावर पिशवी घेऊन चालणं म्हणजे कसरत.

शिवाजी मार्केटात मटण, चिकन, मासे आणि 'साहेबी' भाजी. ब्रोकोली आणि लेट्यूस मी आयुष्यात पहिल्यांदा तिथंच पाहिली, मॉलबिल यायच्या कितीतरी आधी. २०२१ च्या मार्चमध्ये या मार्केटात आग लागली, आणि त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीटही जळाली. दोन आठवड्यांत दोन आगी. त्या महिन्यातला कॅम्प आठवला की अजून कसंतरी होतं. मासे खाणाऱ्यांनी पेठ लगेच बाद करू नये मात्र. गणेश पेठेत मासळी बाजार आहेच.

खरा फरक भाजीत नाही, दुरुस्तीत आहे. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. पेठांमध्ये प्रत्येक गरजेला एक आळी आहे. वायर, होल्डर, पंख्याचा कंडेन्सर : तपकीर गल्ली. दोर, पत्रा, खिळे, कुलपं, रंग : रविवार पेठेतली बोहरी आळी. पातेल्याला पोचा पडला, तांब्याचा हंडा गळायला लागला : कसबा पेठेतली तांबट आळी, जिथं अजून हातोड्यांचा ठोका ऐकू येतो. पुस्तकं, गाइडं, वह्या : अप्पा बळवंत चौक. माझ्या आईचा जुना मिक्सर तीन ठिकाणी "नवीन घ्या" ऐकून आला होता. तो बुधवार पेठेत एका माणसानं अर्ध्या तासात चालू केला, वर "हा टाकू नका, असली मोटार आता येत नाही" असा दमही दिला. कॅम्पात वस्तू विकत मिळते. पेठेत ती जगवली जाते.

त्याउलट कपडे आणि बूट. लग्नाची साडी आणि सोनं लक्ष्मी रस्त्यावरच, त्यात वाद नाही. पण रोज अंगावर घालायचं काही घ्यायचं असेल, चांगले चामडी बूट हवे असतील किंवा सूट शिवायचा असेल, तर एमजी रोड आणि त्याच्या आडव्या गल्ल्या. (जुने लोक अजून 'मेन स्ट्रीट' म्हणतात; रिक्षावाल्यालाही कळतं.) घासाघीस करायची हौस असेल तर तुळशीबाग आणि फॅशन स्ट्रीट अशा दोन शाळा आहेत. फॅशन स्ट्रीटवर सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची आणि दोनदा निघून जायचं नाटक करायचं. तुळशीबागेत रस्त्यावरच्या टपऱ्यांशी तसं चालतं, पण आतल्या जुन्या दुकानांत 'एकच भाव' असतो आणि भाव केलात तर दुकानदार तुमच्याकडे बघायचंच थांबवतो. भातुकली, पितळी समया, कुंकवाचे करंडे, खोटे दागिने यांच्या गर्दीत मधेच रामाचं देऊळ आहे, पेशवाईतलं. तिथल्या सभामंडपात दहा मिनिटं टेकलं की बाहेरचा गलका पार लांब गेल्यासारखा वाटतो. फॅशन स्ट्रीटवर दमलं तर टेकायला जागा नाही.

आता खाणं. इथं भाच्याच्या बायकोनं कान टवकारले.

पेठेतला रविवार मिसळीनं सुरू होतो. नारायण पेठेत बेडेकरांकडे, मुंजाबाच्या बोळात. किंचित गोडसर रस्सा, सोबत पाव नव्हे तर ब्रेडच्या स्लाइस. नागपूरची जीभ पहिल्या घासाला नाक मुरडेल, तिसऱ्या खेपेला गुपचूप रांगेत उभी राहील. जास्त तिखट हवं असेल तर तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन. प्रभा विश्रांतीगृहाचा बटाटावडा, वैद्यांचं उपाहारगृह, आणि दुपारी लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाऊसमध्ये ताट. हे गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केलं, त्यामुळे भिंतींवर नटमंडळी अजून हजर असतात. उन्हाळ्यात सुजाताची मस्तानी आहेच. आणि पेठ म्हणजे सगळी वरणभात-तूप हाही गैरसमज : पेरूगेटाजवळ आवारे यांची मटणाची खानावळ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

पण रात्री साडेदहाला भूक लागली तर? पेठ झोपलेली असते. अंडाभुर्जीची गाडी शोधत फिरावं लागतं.

कॅम्पाचं उलट. तिथं सकाळी मी कायम उपाशी असायचो. इराण्याकडचा बनमस्का आणि चहा सोडला तर सकाळी सातला कॅम्पात फार काही घडत नाही. मिसळ तर विसराच. दिवस चढतो तसा कॅम्प उजळतो. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानीची श्रूजबेरी आणि मावा केक, बुधानींचे गरम वेफर्स, मार्झोरिनचं चिकन सँडविच वरच्या गच्चीत बसून, एमजी रोडवरची गर्दी बघत. गार्डन वडापावची रांग. रविवारी दोराबजींकडे धनसाक. ही खानावळ १८७८ पासूनची, म्हणजे दोन्ही मंडयांहून जुनी. ईस्ट स्ट्रीटला जॉर्जमध्ये बिर्याणी. रमझानात मोमीनपुऱ्यात रात्री उशिरापर्यंत कबाब आणि मालपुवे, कॅम्पातून चालत जाता येतं. (सदाशिव पेठेतूनही जाता येतं म्हणा, पण तिथून कुणी गेलेलं मी तरी फार पाहिलं नाही.)

पेठेच्या वामकुक्षीवर सगळे विनोद करतात. चितळ्यांनी दुपारी दुकान बंद ठेवायची प्रथा २०१७ मध्ये मोडली, त्याचीसुद्धा बातमी झाली. पण कयानी दुपारी बंद असते आणि रविवारी तर पूर्ण बंद, त्यावर कुणी पाटी लावून हसत नाही. हा पेठेवर अन्याय आहे, आणि तो मी पेठेचा भाडेकरू म्हणून नोंदवून ठेवतो.

गाण्याच्या बाबतीत तराजू सरळ पेठेकडे झुकतो. घर भरत नाट्य मंदिराजवळ असेल तर पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत गल्लीतून "आव्वाज कुणाचा" ऐकू येतं. शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यात, गांधर्व महाविद्यालय आहे. विनायकराव पटवर्धनांनी ते १९३२ मध्ये काढलं. संध्याकाळी त्या बाजूनं चालत गेलं की यमनाचे आलाप खिडक्यांतून बाहेर सांडत असतात, काही पक्के, काही अगदीच कच्चे. सुदर्शन रंगमंचावर छोटे प्रयोग, टिळक स्मारकात मैफली. यातलं पुष्कळसं स्वस्त, काही फुकट, आणि सगळं चालत वीस मिनिटांच्या आत. सवाई गंधर्व महोत्सव मात्र आता पेठेच्या बाजूनं धरता येत नाही. रमणबागेत होता तोवर पेठकर स्वेटर चढवून पायी जायचे. आता तो मुकुंदनगरला असतो आणि तिथं दोन्ही घरांहून रिक्षाच करावी लागते.

कॅम्पात गाणं नाही असं नाही, पण शोधावं लागतं. पूना म्युझिक सोसायटीचे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कार्यक्रम माझदा हॉलमध्ये होतात. पियानो, व्हायोलिन, कॉयर. पहिल्यांदा गेलो तेव्हा एकाच रचनेच्या दोन भागांच्या मधे मी एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या. डिसेंबरात चर्चमधून कॅरोल ऐकू येतात, आणि नाताळच्या रात्री आख्खं पुणं एमजी रोडवर उतरतं. बँड आणि बिअर दोन्ही हवं असेल तर कोरेगाव पार्क, मुंढवा. कॅम्पातून ते जवळ पडतं, आणि मुख्य म्हणजे परतताना रिक्षावाला "पेठेत नाही येणार" म्हणत नाही.

आवाजाचं वेगळं सांगायला हवं. गणपतीचे दहा दिवस पेठेत राहणं हे सुख आहे की शिक्षा, हे तुमच्या वयावर आणि खिडकीच्या दिशेवर ठरतं. ढोलपथकांचा सराव नदीपात्रात दीड-दोन महिने आधी सुरू होतो. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते आणि तेवढा वेळ तुमची ॲक्टिव्हा जिथं आहे तिथंच राहते. मी पहिली चार वर्षं रात्रभर मिरवणुकीत होतो. पुढची पाच वर्षं त्या दिवशी मुंबईला बहिणीकडे.

घरमालक. पेठेत जुने वाडे पाडून चार-पाच मजली इमारती उठल्यात, त्यामुळे भाड्याची घरं मिळतात; पण "फक्त शाकाहारी", "रात्री दहानंतर पाहुणे नकोत" या अटी अजून भेटतात. माझ्या मालकांनी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या रंगावरही एकदा मत दिलं होतं. कॅम्पात काय शिजवता याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. तिथली अडचण निराळी : हद्द कॅन्टोन्मेंटची, बांधकामाचे नियम कडक, म्हणून नव्या इमारती थोड्या आणि जुनी घरं खरंच जुनी. भिंतीची ओल, गच्चीची गळती आणि पाणी किती वाजता येतं, हे बघितल्याशिवाय अनामत देऊ नका.

जाण्यायेण्यात पेठ अलीकडे पुढे गेली. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस जमिनीखालची मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आणि मंडईला स्टेशन मिळालं. भाच्याचं ऑफिस पिंपरीला; मंडईला बसला की थेट. त्याच्या बायकोचं कल्याणीनगरला. तिला सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागेल, पण त्याच स्टेशनात. कॅम्पाला स्वतःचं मेट्रो स्टेशन नाही. पुणे स्टेशनपर्यंत रिक्षा किंवा बस करून मग मेट्रो. चारचाकी घ्यायचा विचार असेल तर दोन्हीकडे तो सोडून द्या.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे सदाशिव पेठ." बायको म्हणाली, "म्हणजे कॅम्प." ती रात्री साडेआठला घरी येते, तिला सकाळची मिसळ काय कामाची! तिचं बरोबरच होतं.

मग मी तिसरं नाव काढलं. रास्ता पेठ. नावात पेठ आहे, पण एका बाजूला लक्ष्मी रस्त्याचं पूर्वेचं टोक आणि दुसऱ्या बाजूला कॅम्पाची हद्द. तमिळ कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, म्हणून इडली-सांबारची सोय. बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, केईएम रुग्णालय आहे. मंडईही पायी, एमजी रोडही पायी. दिसायला काही खास नाही, पोस्टकार्डावर छापावं असं तर मुळीच नाही, आणि गाडी लावायच्या जागेबद्दल न बोललेलं बरं. येत्या शनिवारी तिथली दोन घरं बघायला जातोय. एक दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण एजंट म्हणतो मालक अमेरिकेत असतात.