प्रार्थनांचा स्पीकर: आईला आवडला, मला निम्माच

आई ब्याऐंशीची. गुडघ्यांमुळे सामूहिक प्रार्थनेला जाणं सुटलं, म्हणून तिच्यासाठी आधीच प्रार्थना भरलेला छोटा स्पीकर मागवला. इंटरनेट लागत नाही, मोबाइल लागत नाही, दरवेळी कुणाला हाक मारावी लागत नाही.

बटणं झकास. उठावदार आहेत, चष्म्याशिवाय बोटांना कळतात. आवाजही स्वच्छ. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं, 'स', 'फ' निसटतात. त्यात मोठ्या सभागृहात आवाज घुमतो, तिथे तर आईला शेवटी शेवटी नुसता कल्ला ऐकू यायचा. इथे वाद्यं मागे आणि शब्द पुढे ठेवलेत. आता ती पुन्हा सोबत म्हणते.

तक्रारी मात्र आहेत. बंद करून लावला की पहिल्यापासून सुरू. आईचा मधेच डोळा लागतो, त्यामुळे शेवटच्या प्रार्थनेपर्यंत ती पोचतच नाही. वेग कमी करायची सोय नाही. गायक धावत सुटतो, आई ओळभर मागे पडते आणि त्याच्यावर चिडते. कहर म्हणजे, चालू करताच एक बाई इंग्रजीत 'ब्लूटूथ मोड' म्हणून खेकसते. आवाज कमी केला तरी ही बाई ऐकत नाही. पहाटे सगळं घर जागं!

'म्हातारपणी देव आठवतो' म्हणून कुणी हा भेट देणार असेल, तर जरा थांबा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेच्या २०१८च्या अहवालात १०६ पैकी ४६ देशांत चाळिशीच्या आतल्यांपेक्षा पुढच्यांना धर्म जास्त महत्त्वाचा वाटत होता. पण ती माणसं वयामुळे तशी झाली की त्यांची पिढीच तशी होती, हे अशा एकवेळच्या पाहणीतून कळत नाही. आईची श्रद्धा होती तेवढीच आहे. बदललंय ते तिचं काम. पूर्वी सामूहिक प्रार्थनेला कोण आलं नाही, कोण आजारी आहे, कुणाला सूर धरून द्यायचाय, सगळं तिच्याकडे असायचं. ते गेलं, आणि एकटीने प्रार्थना म्हणणं वाढलं. स्पीकर या वाढलेल्या भागाला उत्तम साथ देतो. गेलेल्या भागाचं त्याच्याकडे काही नाही.

एकट्याने प्रार्थना करणाऱ्यांसाठी बिनधास्त घ्या. ज्यांचा जीव तिथल्या माणसांत आहे, त्यांच्यासाठी आधी नेऊन आणणारी गाडी आणि हाताला धरणारं कुणीतरी बघा. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक निव्वळ बटणांना.