झाकण मिटलं तरी बॅटरी उतरते: नव्या लॅपटॉपवर डेबियन १२, सहा महिन्यांनंतर

वायफाय, आवाज, कॅमेरा यांबद्दल तक्रार नाही. डेबियन या लिनक्सच्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर (उपकरणांना लागणारं आतलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं, इंटेलच्या तेराव्या पिढीच्या या मशीनवर तिन्ही पहिल्याच दिवशी चालले. डोकं उठवलं ते सस्पेंडने, म्हणजे मशीन झोपवण्याने. रात्री झाकण मिटून ठेवलं की सकाळी बॅटरीचा तिसरा हिस्सा गायब आणि मशीन कोमट.

सुरुवातीला सगळा दोष एस-थ्री (मेमरी सोडून जवळपास सगळं बंद करणारी जुनी गाढ झोप) नसण्यावर टाकला होता. 'सिस/पॉवर' मधली 'मेम_स्लीप' फाइल वाचली तर फक्त 'एस-टू-आयडल', म्हणजे हलकी झोप, दिसतं. बायॉसच (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) 'डीप', म्हणजे एस-थ्री, देत नसेल तर बूट पॅरामीटरमध्ये ते लिहून काहीही होत नाही. त्यात वेळ घालवू नका.

आता ते मत राहिलेलं नाही. एस-टू-आयडलमध्येही बॅटरी टिकते, फक्त चिपसेट खरोखर गाढ झोपला पाहिजे. 'सीपीयू-आयडल' फोल्डरमधला 'लो_पॉवर_आयडल_सिस्टिम_रेसिडेन्सी' हा आकडा सस्पेंडच्या आधी आणि नंतर वाचा. दहा मिनिटांनीही तो हलला नाही, तर एखादं उपकरण जागं आहे. इथे ते एसएसडी निघालं: रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) म्हणून 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' ही कमांड चालवल्यावर त्याच्या लिंक-कंट्रोलच्या ओळीत 'एएसपीएम डिसेबल्ड', म्हणजे काम नसताना लिंकची वीज वाचवणारी सोय बंद.

मूळ व्हीएमडीमध्ये आहे, म्हणजे एसएसडी सांभाळणाऱ्या इंटेलच्या प्रोसेसरमधल्या सोयीत. व्हीएमडीच्या ताब्यातले पोर्ट बायॉसला दिसत नाहीत, म्हणून त्यांचं एएसपीएम आणि एलटीआर (उपकरणाला किती उशीर चालेल ते सांगणारी सोय) तो लावतच नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.३ पासून हे काम व्हीएमडी ड्रायव्हर स्वतः करतो. डेबियन १२ मध्ये मात्र ६.१ आहे. आणि सर्व्हिस सेंटर सांगत होतं, बॅटरी बदला! चांगल्या बॅटरीवर पैसे का घालवायचे?

बॅकपोर्ट्समधला (डेबियनच्या स्थिर आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांमधला) नवा कर्नल घ्या, नाहीतर बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा. स्टेबल कर्नल हलवायचा नव्हता, म्हणून दुसरा मार्ग घेतला. डिस्क एकच असेल, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) नसेल, तरच हे करा. डेबियनमध्ये काही बदलावं लागलं नाही, कारण एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कची ओळख यूयूआयडीने, म्हणजे तिच्या स्वतःच्या न बदलणाऱ्या क्रमांकाने असते. आता रात्रभरात चार-पाच टक्के जातात.

शेजारी विंडोज असेल तर मात्र व्हीएमडी थेट बंद करू नका, ते बूट होणार नाही. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की लिहून ठेवा, विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग व्हीएमडी बंद करा. एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की सेफ मोडची ती सेटिंग काढून टाका.

बोटाचा ठसा अजून चालत नाही.