निंजा ६५० वरील मिशेलिन रोड ५: सोळा महिने आणि १३,२०० किलोमीटरनंतरचा अनुभव

माझ्या कावासाकी निंजा ६५० या मोटरसायकलला ऑक्टोबर २०२३ मध्ये बसवलेला मिशेलिन रोड ५ चा मागचा टायर मी फेब्रुवारी २०२५ मध्ये १३,२०० किलोमीटर झाल्यावर उतरवला. या सोळा महिन्यांत गाडी पुण्यात रोजच्या कामासाठी चालली, डबल सीट आणि सामानासह कोकणात व गोव्यात गेली, ऐन उन्हाळ्यात नागपूरला जाऊन आली आणि एक संपूर्ण पावसाळा तिने सह्याद्रीच्या घाटांत काढला. टायर किती किलोमीटर टिकला हा एकच आकडा बहुतेक जण विचारतात आणि सांगणाराही तेवढाच सांगतो. मला तो आकडा अपुरा वाटतो, कारण टायर पूर्ण झिजण्याच्या बऱ्याच आधी त्याची गोलाई जाते आणि घाटात गाडी कशी झुकते हे त्या गोलाईवरच ठरते. माझा टायर १३,२०० किलोमीटर चालला हे खरे असले, तरी त्यातले सुमारे अकरा हजार किलोमीटरच मी निर्धास्तपणे चालवले.

याआधी दोन प्रकार वापरून झाले होते. गाडीसोबत आलेला मागचा टायर दहा हजारांच्या आसपास गोटा झाला. त्यानंतर एका मित्राच्या आग्रहावरून मी मऊ रबराचा, शर्यतीच्या धाटणीचा टायर बसवला. त्याची पकड उत्तम होती, पण तो नीट तापल्याशिवाय खुलत नसे, आणि पुणे ते कोल्हापूर या २३० किलोमीटरच्या सरळ महामार्गावर तो तापायचा फक्त मधल्या पट्ट्यात. ५,८०० किलोमीटरला मधला भाग संपला तेव्हा कडेचे रबर जवळपास नवे होते. ज्या भागासाठी जास्त पैसे मोजले तो वापरलाच गेला नाही, हे मला त्या वेळी फार लागले.

रोड ५ सारख्या स्पोर्ट टूरिंग टायरची, म्हणजे लांबचा प्रवास आणि घाटातली वळणे या दोन्हींसाठीच्या टायरची, रचना नेमकी या अडचणीवरचा तोडगा म्हणून केलेली असते. मागच्या टायरचा मधला पट्टा टणक रबराचा असतो, म्हणजे महामार्गावर तो हळू झिजतो, आणि दोन्ही कडा मऊ रबराच्या असतात, म्हणजे झुकल्यावर पकड मिळते. रोड ५ मध्ये मधले टणक रबर कडेच्या मऊ रबराच्या खालूनही नेलेले आहे, त्यामुळे पूर्ण झुकलेल्या अवस्थेत गती वाढवली तरी कड लिबलिबत नाही. मला मात्र त्याच्या बारीक चिरांनी जास्त आकर्षित केले. साध्या टायरच्या खाचा झिजेबरोबर उथळ आणि अरुंद होत जातात. याच्या चिरा वरून अरुंद व आत रुंद असतात, त्यामुळे रबर झिजेल तशा त्या उघडत जातात. असा आकार घडवण्यासाठी साच्यातले भाग धातूच्या थ्री-डी छपाईने केले जातात. ऑक्टोबरमध्ये टायर घेतला की पहिला पावसाळा तो निम्मा झिजलेला असतानाच येणार, हे मी आधीच धरून चाललो होतो. २०१८ साली बाजारात आणताना कंपनीने पाच हजारांहून अधिक किलोमीटर चाललेला रोड ५ ओल्या रस्त्यावर त्याच्या आधीच्या पायलट रोड ४ च्या नव्या टायरइतक्याच अंतरात थांबतो, असा दावा केला होता. ती चाचणी मी घरी करू शकत नाही, परंतु माझ्या गरजेला उत्तर देणारा दावा हाच होता. २०२२ मध्ये रोड ६ आला आणि त्याचे आयुष्य दहा टक्क्यांनी जास्त असल्याचे कंपनी सांगते. मला सांगितलेल्या किमतीतला फरक त्याहून मोठा असल्यामुळे मी जुन्यावरच थांबलो. मेट्झेलर रोडटेक ०१, पिरेली एंजल जीटी २ आणि मदुराईच्या टीव्हीएस श्रीचक्र कंपनीचा युरोग्रिप रोडहाउंड हेही याच वर्गातले टायर आहेत. ते मी स्वतः वापरलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मत देणार नाही.

मापाबाबत एक आग्रहाची विनंती आहे. निंजा ६५० ला पुढे १२०/७० झेडआर १७ आणि मागे १६०/६० झेडआर १७ हे माप लागते (पहिला आकडा मिलिमीटरमधल्या रुंदीचा). दिसायला भरदार म्हणून काही जण मागे १८०/५५ बसवतात. मागची रिम साडेचार इंच रुंद आहे आणि १८० चा टायर साडेपाच इंची रिमसाठी आखलेला असतो. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, मध्ये टोकदार होतो, आणि मग जमिनीला टेकणारा पट्टा लहान झाल्यामुळे मधला भाग आणखी लवकर झिजतो. म्हणजे रुंद टायर घेऊन आयुष्य कमी करून घेण्यासारखे आहे. तसेच जास्त वजनाच्या गाड्यांसाठी काही कंपन्या अधिक ताठ बांधणीचे वेगळे टायर काढतात. ते जास्त टिकतील या आशेने १९६ किलोच्या गाडीला बसवू नयेत, कारण गाडी खड्ड्यांवर नुसती आपटत राहते. टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा ६९ हा आकडा ३२५ किलो भार दाखवतो, आणि डबल सीट प्रवास करणाऱ्याने त्यापुढच्या, कमाल वेग दाखवणाऱ्या अक्षरापेक्षा हा आकडा आधी पाहावा.

खरेदीच्या दिवशी पहिल्या दुकानात माझ्यासमोर जो टायर आणला, त्याच्या बाजूवरील चार अंक २६२१ होते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे टायर २०२१ सालच्या सव्विसाव्या आठवड्यातला, सव्वादोन वर्षे दुकानात पडून असलेला होता. "रबराला काही होत नाही," असे मला सांगण्यात आले. जो टायर मला दीड वर्ष वापरायचा आहे त्याचे वय पहिल्याच दिवशी दोन वर्षांहून जास्त असणे मला मान्य नव्हते, आणि किमतीतही काही सवलत नव्हती. दुसऱ्या दुकानात १९२३ चा टायर मिळाला. पुढचा व मागचा मिळून, मजुरीसह, सुमारे एकतीस हजार रुपये झाले. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण तेवढा पाहिला गेला. बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजने लावून चाकाचा तोल साधणे, झाले नाही आणि मीही ते मागितले नाही. ताशी ९५ किलोमीटरला हँडलमध्ये बारीक थरथर येऊ लागली. दुसऱ्या दिवशी बॅलन्सिंग करून पुढच्या रिमला २५ ग्रॅमची वजने लावल्यावर ती पूर्ण गेली. ती तशीच राहिली असती, तर पुढचा टायर काही महिन्यांत लाटालाटांनी झिजला असता.

नवा टायर साच्यातून निघालेला असल्यामुळे त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर मी गाडी हळूहळू जास्त झुकवत नेली, जोरात ब्रेक टाळले, आणि त्यानंतरच ताम्हिणीला गेलो.

टायरच्या खाचांची खोली मोजण्याचे एक साधे साधन मी घेतले होते आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाडी धुण्याआधी, मधल्या खाचेत तीन ठिकाणी मोजून सरासरी वहीत लिहीत होतो. सुरुवातीला मागे साडेसहा मिलिमीटर होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या ४,३०० किलोमीटरमध्ये १.६ मिलिमीटर झीज झाली. मार्च ते मे या काळात गाडी केवळ २,६०० किलोमीटर चालली, पण झीज १.३ मिलिमीटर झाली. त्यातला निम्म्याहून अधिक प्रवास नागपूरचा होता. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नसल्यामुळे जालना, मेहकर, कारंजा या जुन्या मार्गाने मे महिन्यात डबल सीट आणि दोन बॅगा घेऊन गेलो, तेव्हा दुपारी दोन वाजता थांबल्यावर मागच्या टायरला तळहात टेकवून ठेवता येत नव्हता. याउलट जून ते सप्टेंबरच्या २,९०० किलोमीटरमध्ये फक्त ०.८ मिलिमीटर रबर गेले. त्याच टायरवर, त्याच चालकाच्या हातात, उन्हाळ्यात हजार किलोमीटरला अर्धा मिलिमीटर आणि पावसाळ्यात त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त, हा फरक वहीत पाहिल्यावर मी उन्हाळ्यातील लांबचे प्रवास पहाटे चारला सुरू करून अकराच्या आत संपवू लागलो.

झिजेत हवेचा वाटा मला वाटला होता त्याहून फार मोठा निघाला. गाडीवर सांगितलेला दाब पुढे ३२ आणि मागे ३६ पीएसआय आहे, आणि तो थंड टायरचा आहे. हवेचे तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले की मागच्या टायरचा दाब दीड पीएसआयहून थोडा अधिक वाढतो. मे महिन्यात शंभर किलोमीटर चालल्यावर माझ्या मागच्या टायरमध्ये ४१ दिसत असे. अशा तापलेल्या टायरमध्ये "जास्त झाली" म्हणून हवा सोडणे ही चूक माझ्या डोळ्यांदेखत अनेकांनी केलेली आहे. थंड झाल्यावर तोच टायर ३१ वर येतो, त्याच्या भिंती जास्त दबतात, तो आणखी तापतो आणि झपाट्याने झिजतो. महामार्गावरील एका पंपावर काट्याने ३६ दाखवले, तेव्हा माझ्या खिशातील मापकावर ३१ होते. तेव्हापासून घरून निघताना, सावलीत, स्वतःच्या मापकाने दाब पाहिल्याशिवाय मी गाडी बाहेर काढत नाही. कारागिराचा पंप तेवढा वापरतो, काटा माझा असतो.

पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा टायर घेण्याचे खरे कारण तेच होते. जुलैमध्ये कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात एका तीव्र वळणावर डोंगरातून आलेले तांबडे पाणी रस्ता ओलांडून वाहत होते आणि समोरून येणारा ट्रक वळण कापत माझ्या बाजूला आला. मला गाडी थोडी झुकलेली असतानाच पुढचा ब्रेक दाबावा लागला. लिव्हरमध्ये एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) अगदी हलका ठोका जाणवला, पुढचे चाक एका बोटाएवढे बाहेर सरकल्यासारखे वाटले आणि लगेच बसले. तेव्हा मागच्या टायरवर सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास खोली होती, आणि खाली उतरून पाहिले तर त्या बारीक चिरा नव्या टायरपेक्षा खरोखरच रुंद दिसत होत्या. काँक्रीटच्या रस्त्यावर पाणी निघून जाण्यासाठी लांबीच्या दिशेने कोरलेल्या रेघांवर गाडी थोडी हिंदकळते, पण घाबरण्यासारखे काही नाही. रस्त्यावर सांडलेले डिझेल, ताम्हिणीतल्या झाडीखालच्या वळणांवरचे शेवाळ आणि ओले पांढरे पट्टे यांवर मात्र कोणत्याही टायरकडून अपेक्षा ठेवू नये. तिथे वेगच कमी हवा.

सुमारे ८,५०० किलोमीटरला बोटांना पहिला फरक लागला. मध्यापासून कडेकडे हात फिरवताना जिथे रबराने सलग वळायला हवे, तिथे दोन्ही बाजूंना लाकडी पट्टीच्या कडेसारखी धार लागू लागली. अकरा हजारांनंतर ती चालवताना जाणवू लागली. डिसेंबरमध्ये आंबोली उतरताना गाडी झुकायला आधी विरोध करी आणि त्या धारेवरून गेली की एकदम खाली जाई. मागे बसलेल्या पत्नीने दुसऱ्याच वळणाला विचारले, "आज गाडी अशी पडल्यासारखी का वळतेय?" खाचांमध्ये तेव्हाही दोन मिलिमीटरहून जास्त खोली होती आणि कायद्याची दुचाकीसाठीची मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. कागदावर टायर चांगला होता. हा दोष या एका टायरचा नाही. सरळ महामार्गावर जास्त चालणारा कोणताही टायर मध्ये असाच सपाट होतो. माझ्या वहीत त्यापुढचे २,२०० किलोमीटर "फक्त शहर आणि महामार्ग" असे लिहिलेले आहेत. घाटात मी तो टायर पुन्हा नेला नाही.

मधल्या काळात कराडजवळ एक खिळा नेमका मध्यभागी घुसला. रस्त्यावर दोरी घालून पंक्चर बंद करून घेतले, पुण्यापर्यंत ताशी ८० च्या वर गेलो नाही, आणि नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छिद्रात दांडा आणि आतल्या बाजूला चिकटणारी टोपी असलेले ठिगळ) लावून घेतला. उरलेल्या आयुष्यात तिथून हवा गेली नाही. खिळा कडेला किंवा बाजूच्या भिंतीत असता, तर मी तो टायर दुरुस्त न करता बदलला असता.

पुढचा टायर अजून गाडीवर आहे. त्याच्या मध्यभागी २.२ मिलिमीटर आहे, पण उजव्या बाजूला केवळ १.७ उरले आहे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे उजवी वळणे जास्त मोकळी आणि लांब असतात, ती अधिक वेगात व अधिक काळ झुकून घेतली जातात, आणि उजवी बाजू आधी झिजते. मागे मी पुन्हा रोड ५ च बसवला आहे, ४१२४ च्या तारखेचा, आणि या वेळी बॅलन्सिंग माझ्यासमोर करून घेतले. जुना टायर उतरवला तेव्हा मध्ये दीड मिलिमीटर शिल्लक होते. उन्हाळाभर पुढचा आहे तोच चालवीन, आणि आंबा घाटातले ते तांबडे पाणी पुन्हा वाहू लागण्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, तोही बदलणार आहे.